वाळूच्या तळावर सापडलेला छोटा गोल शंख कोणत्या जातीचा?

उथळ पाण्यात वाळूवर सापडलेला, जेमतेम सेंटिमीटरभराचा, गुळगुळीत, गोलसर शंख. फिकट रंगावर तपकिरी ठिपके. जात कोणती, असं तुम्ही विचारलंय. वर्णनावरून हा नॅटिसिडी कुळातला, म्हणजे मून स्नेल (वाळूत राहणारी शिकारी समुद्री गोगलगाय) असावा. पण तुमचा फोटो पाठीचा आहे आणि जात ठरते ती पोटाच्या बाजूने. शंख उलटा करा.

मुखाच्या शेजारी एक खळगा दिसेल. ती नाभी. ती उघडी आहे, पूर्ण बुजलेली आहे, की आत जाड पांढरा थर अर्धवट उतरलाय आणि त्याचा आकार कसा आहे, हे नीट बघा. या कुळातल्या जाती मुख्यतः इथेच वेगळ्या होतात. ठिपके एकाच जातीत खूप बदलतात, म्हणून रंगाकडे मी सगळ्यात शेवटी बघते. प्राणी आत असेल तर मुखावरचं झाकणही महत्त्वाचं: या कुळातल्या नॅटिकाच्या गटात ते चुनखडीचं, कडक असतं, पोलिनिसेसच्या गटात पातळ, तपकिरी, नखासारखं लवचिक. एवढ्या एका गोष्टीने निम्म्या शक्यता बाद होतात.

शंख चपटा आणि चकचकीत असून नाभी पूर्ण बुजलेली असेल, तर तो उम्बोनियम, म्हणजे वेगळ्याच कुळातला बटणासारखा शंख, असू शकतो. मुखाच्या खालच्या टोकाला खाच असेल तर मून स्नेल नक्कीच नाही. मग नॅसेरियस या दुसऱ्या कुळातल्या गोगलगायींकडे वळा.

आसपासचे रिकामे शिंपलेही तपासा. बाहेर रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं गोल छिद्र ही मून स्नेलच्या शिकारीची खूण. वाळू चिकटवून केलेली, गळपट्टीसारखी वाकलेली पट्टी दिसली तर ती त्याची अंडी. ती तशीच राहू द्या. शंखात खेकडा राहत असेल, तर शंख मुळात कुठला हे जागेवरून ठरवू नका, खेकडे ते ओढून नेतात.

आणि एक कळकळीची विनंती. वाळूत शंकूच्या आकाराचा जिवंत शंख दिसला तर अजिबात उचलू नका. कोन स्नेलच्या विषाने माणसं दगावली आहेत.

आता मुखाच्या बाजूचा, शिखराचा आणि झाकणाचा असे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढा. सोबत किनारा आणि पाण्याची खोली लिहा, म्हणजे जातीपर्यंत जाता येईल. फोटो झाले की जिवंत प्राणी त्याच वाळूत परत सोडा.