अमेरिकेत निवासी विभागात दुकान काढण्याचा अर्ज शहर परिषद कसा तपासते?

निवासी विभागातील कोपऱ्यावरच्या भूखंडावर दुकान काढण्यासाठी विभागबदलाचा, म्हणजे त्या जागेचा ठरवून दिलेला वापर बदलण्याचा, अर्ज आल्यास परिषद लगेच मतदान करते का, असे आपण विचारले आहे. सहसा नाही. अर्ज आधी नियोजन खात्याकडे जातो. मागणी शहराच्या सर्वंकष आराखड्याशी जुळते का आणि रहदारी, सांडपाणी व पार्किंग यांवर किती ताण येईल, हे तपासून तेथील कर्मचारी शिफारशीसह अहवाल देतात. पुढे शहराच्या नियोजन आयोगासमोर जाहीर सुनावणी होते. तिच्या नोटिसा साधारणपणे आसपासच्या मालमत्ताधारकांना टपालाने जातात. बहुतेक शहरांत आयोगाचे मत सल्लावजा असते, अंतिम निर्णय परिषदेचा.

एक भेद मात्र नीट समजून घ्यावा. विभाग बदलणे म्हणजे शहराच्या नियमावलीतच दुरुस्ती करणे, त्यामुळे तेथे परिषदेला सहसा बराच मोकळा हात असतो. विशेष वापराच्या परवान्यावरील, म्हणजे विभाग न बदलता एखाद्या वापराला अटींवर दिल्या जाणाऱ्या परवानगीवरील, निर्णय मात्र ठरलेल्या निकषांवर आणि सुनावणीत नोंदवलेल्या पुराव्यांवरच टिकतो. म्हणूनच, ‘आम्हाला दुकान नको’ एवढेच म्हणणाऱ्या शंभर जणांपेक्षा, मालाचा ट्रक कोणत्या गल्लीतून मागे घेतला जाणार हे नकाशावर बोट ठेवून दाखवणारा एक शेजारी माझ्या मते अधिक मोलाचा आहे. त्याच्या म्हणण्यातूनच दुकान बंद करण्याची वेळ, दिव्यांचा रोख, कुंपणालगतची झाडे अशा अटी परवान्यात येऊ शकतात.

विभागनियमनाचा शहरांचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये, ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात, वैध ठरवला.