बारा वर्षं खोडून टाकणारी सिस्टर

मागच्या अंकात जॅझ गाणाऱ्या बायकांवर लिहिताना अल्बर्टा हंटरच्या वाट्याला मी एकच वाक्य दिलं होतं : ‘‘डाउनहार्टेड ब्लूज’ हे गाणं देणारी ही ब्लूज गायिका मधली वीस वर्षं नर्स होती आणि ८२व्या वर्षी रुग्णालयातून निवृत्त झाली.’ त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी एरवी वर्षभरात येत नाहीत. मी स्वतः चौतीस वर्षं मुंबईतल्या एका म्युनिसिपल रुग्णालयात सिस्टर होते, हे जुन्या वाचकांना माहीत आहेच. तेव्हा या वेळी दुसरं कोणी नाही. फक्त अल्बर्टा.

ताई, ८२ हा आकडा छापताना चुकला ना? आमच्याकडे ५८व्या वर्षी हातात नारळ देतात.
*– एक निवृत्त तलाठी, सातारा*

छापखान्याची काही चूक नाही, भाऊ. लबाडी अल्बर्टाची आहे.

तिचा जन्म १ एप्रिल १८९५चा, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला. १९५४मध्ये तिची आई गेली. आईवर तिचा फार जीव. सगळ्या जगात गात फिरली, पण पैसे आईकडे आणि शेवटी मुक्कामही आईजवळच. आई गेल्यावर तिनं गाणं गुंडाळून ठेवलं आणि नर्सिंगच्या शाळेत गेली. वय साठीचं. त्या वयाला कोण प्रवेश देणार? मग कागदावर बारा वर्षं कमी झाली. १९५७च्या सुमारास न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात ती रुजू झाली. दोन नद्यांसारख्या प्रवाहांच्या मधल्या चिंचोळ्या बेटावरचं, जुनाट आजारांच्या रोग्यांचं रुग्णालय. तिथे तिनं वीस वर्षं काढली. १९७७मध्ये सत्तरी झाली म्हणून त्यांनी तिला निवृत्त केलं. त्यांच्या रजिस्टरप्रमाणे सत्तर. खरी ब्याऐंशी.

यावर तुम्ही-आम्ही फार नाकं मुरडू नयेत. माझी स्वतःची कागदावरची तारीख १ जून आहे. शाळेत नाव घालायला आजोबा गेले, गुरुजींनी विचारलं कधीची, आजोबा म्हणाले भाताची लावणी चालू होती, आणि गुरुजींनी १ जून लिहून मोकळं केलं. माझ्या बॅचला अशा पाच जणी होत्या. आम्हा सगळ्यांचा वाढदिवस मेसमध्ये एकाच शिऱ्यावर उरकायचा. पण खरं सांगायचं तर, वॉर्ड सांभाळणारी बाई म्हणून मला ते बारा वर्षांचं प्रकरण थोडं खटकतंच. ऐंशी वर्षांची परिचारिका लठ्ठ रोग्याला कूस वळवून देतेय, हे मी इन्चार्ज असते तर बघवलं नसतं. आणि तिला काढलं असतं का? तेही नसतं झालं बहुतेक.

ब्लूज म्हणजे रडगाणं का? आणि ते ‘बारा बार’ काय असतं?
*– शिक्षक, नांदेड*

रडगाणं नव्हे. ब्लूज हे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं गाणं. त्यात दुःख असतं, पण ते सांगणारी बाई कमरेवर हात ठेवून उभी असते.

बारा बारचं सोपं आहे. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. त्यात बोलाच्या तीन ओळी. पहिली म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत तिचा निकाल लावायचा. प्रत्येक ओळीनंतर गायिका थांबते आणि पियानो किंवा कॉर्नेट (ट्रम्पेटचं धाकटं भावंड) तिला उत्तर देतं. गंधार आणि निषाद असे लावायचे की कोमल म्हणावेत तर थोडे चढे, शुद्ध म्हणावेत तर उतरलेले. पेटीवर ती जागा सापडत नाही. काळी आणि पांढरी पट्टी एकदम दाबून बघा, मग थोडा अंदाज येईल.

मला हे कळलं ते सलाइनमुळे. ५४० मिलीची काचेची बाटली आठ तास चालवायची, तर मिनिटाला सोळा-सतरा थेंब. हात घड्याळावर, नजर चेंबरवर. रात्रपाळीत हे किती हजार वेळा केलं असेल देव जाणे. एकदा घरी संथ ब्लूज लावला होता आणि माझ्या नकळत मी थेंब मोजायला लागले : एका बारला एक थेंब. बारा थेंब पडले की आवर्तन पुरं. ही काही संगीतशास्त्राची व्याख्या नाही, पण माझ्या डोक्यात ती तशीच बसली आहे.

‘डाउनहार्टेड ब्लूज’ हे बेसी स्मिथचं गाणं. तुम्ही ते अल्बर्टा हंटरच्या नावावर घातलंत. दुरुस्ती छापावी.
*– एक रेकॉर्ड संग्राहक, ठाणे*

दुरुस्ती छापणार नाही, राग मानू नका. तुमच्याकडे बेसीची तबकडी असेल तर लेबलावर कंसातली बारीक नावं बघा : हंटर आणि ऑस्टिन. शब्द अल्बर्टाचे, चाल लव्ही ऑस्टिन या पियानोवादक बाईची. अल्बर्टानं १९२२मध्ये पॅरामाउंट कंपनीसाठी ते आधी गायलं. फेब्रुवारी १९२३मध्ये बेसीनं कोलंबियासाठी गायलं, ती बेसीची पहिलीच तबकडी, आणि सहा महिन्यांत तिच्या सुमारे ७,८०,००० प्रती गेल्या असं सांगतात. अल्बर्टाच्या हाती मानधन आलं ३६८ डॉलर. हक्कांचा व्यवहार आपल्या पाठीमागे झाला, असं ती पुढे म्हणत असे.

मात्र बेसीबद्दल तिच्या मनात आकस नव्हता. गाणं बेसीच मोठं करून गेली, हे ती मोकळेपणी सांगायची. माझं मत विचाराल तर बेसीचा आवाज म्हणजे रस्त्याच्या मधोमध चाललेला ट्रक. अल्बर्टा त्याच रस्त्याच्या कडेनं, सावली बघत, ओळखीच्या माणसाशी बोलत चालते. दोघी पोचतात.

एका कंपनीच्या करारात असताना दुसरीकडे गाता यावं म्हणून १९२४मध्ये तिनं आपल्या सावत्र बहिणीचं नाव लावलं, जोसेफिन बीटी. त्या ध्वनिमुद्रणात साथीला लुई आर्मस्ट्राँग आणि सिडनी बेशे हे जॅझमधले दिग्गज वादक आहेत. म्हणजे वय खोडण्याआधी नाव बदलण्याचा सराव होताच!

मी तीस वर्षं गाणं शिकवते. गळा ही देणगी असते. अशा गायिकेनं वीस वर्षं बेडपॅन उचलण्यात वाया घालवावीत, याचं तुम्हाला वाईट वाटत नाही का? आणि रियाजाशिवाय आवाज टिकला कसा?
*– एक गानशिक्षिका, पुणे*

ताई, ‘वाया’ या शब्दावर मी दोन दिवस अडले. आधी जरा चिडून उत्तर लिहिलं होतं, ते फाडलं.

आधी ती काय सोडून आली ते बघा. किशोरवयात घरी न सांगता शिकागो गाठलेलं. तिथे आठवड्याला सहा डॉलरवर खानावळीत बटाटे सोलण्याचं काम. मग गुंडांच्या आणि वेश्यांच्या गुत्त्यात गाणं, तिथून पायरी पायरीनं ड्रीमलँडसारख्या नावाजलेल्या ठिकाणी. मायक्रोफोन नाही. गायिकेनं टेबलाटेबलापाशी जाऊन गायचं आणि बक्षिसी गोळा करायची. १९२७मध्ये ती युरोपात गेली. १९२८मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात ‘शो बोट’ या संगीतनाटकात पॉल रॉबसन या नामवंत काळ्या गायक-नटाबरोबर क्वीनी या पात्राची भूमिका. १९३४मध्ये लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात गोऱ्या वादकांच्या वाद्यवृंदाच्या साथीनं गायली. त्या काळच्या अमेरिकेत काळ्या बाईला असल्या हॉटेलाच्या पुढच्या दारानं आत शिरणं मुश्कील होतं. मग महायुद्धात आणि पुढे कोरियात सैनिकांसाठी दौरे. पन्नाशी उलटेपर्यंत ही बाई चाळीस वर्षं गातच होती. तिनं काही पोरवयात गळा दाबला नाही.

आणि नर्सिंग. ती आपल्या हिशेबानं स्टाफ नर्स नव्हती, त्याच्या खालच्या पायरीवरची परवानाधारक परिचारिका होती. म्हणजे अंग पुसणं, चादर बदलणं, तापमान-नाडी, भरवणं, आणि हो, बेडपॅन. जुनाट आजाराच्या वॉर्डात रोगी बरा होऊन पेढे देत घरी जात नाही. तो वर्षानुवर्षं तिथेच असतो. त्याला रोज दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठीची कातडी लाल झाली का बघायचं, बोलत राहायचं. बोलणं महत्त्वाचं. कारण तुमच्या हातांपेक्षा त्याचं लक्ष तुमच्या आवाजाकडे असतं. घाईचा आवाज रोग्याला लगेच कळतो. आमच्याकडे नव्या मुलींना मी इंजेक्शनआधी हे शिकवायचे : शेवटचा शब्द गिळू नका, त्याला तोच ऐकायचा असतो.

आता तिची सत्तरीनंतरची, म्हणजे ब्याऐंशीनंतरची ध्वनिमुद्रणं ऐका. आवाज जाडा झालाय, वरच्या पट्टीत खरखर आहे, दम लवकर संपतो. पण एकही शेवटचा शब्द गिळलेला नाही. ओळ तालाच्या किंचित मागे ठेवते, जसं आपण रोग्याला उठवताना एक क्षण थांबतो, त्याचा पाय जमिनीला लागू देतो, मग उचलतो. १९२२च्या तबकडीत हे नाही. तिथे ती गोड गाते, नीटनेटकी, थोडी घाईत. मधल्या वर्षांनी हे दिलं असं मी छातीठोक कशाला सांगू? वयानंही दिलं असेल. पण तुम्ही ‘वाया’ म्हणालात म्हणून सांगितलं.

रियाजाचं म्हणाल तर पूर्ण मौन नव्हतं. १९६१मध्ये, नोकरीत असताना, तिनं पुन्हा लव्ही ऑस्टिनबरोबर शिकागोत ध्वनिमुद्रण केलं आणि परत वॉर्डात हजर. सोबत काम करणाऱ्या बऱ्याच जणींना ही कोण, याचा पत्ता नव्हता. याचं मात्र मला खरंच नवल वाटतं. आमच्या ड्युटी रूममध्ये कुणी कुठल्या दुकानातून साडी घेतली हेसुद्धा संध्याकाळपर्यंत लपत नसे.

परत आली तीही सहज. १९७७मध्ये निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत गायक बॉबी शॉर्टकडे मेबल मर्सर या गायिकेसाठी मेजवानी होती. तिथे अल्बर्टा गुणगुणली, कुणीतरी ऐकलं आणि बार्नी जोसेफसनला कळवलं. या गृहस्थांनी १९३८मध्ये न्यूयॉर्कात कॅफे सोसायटी काढलं होतं, काळे-गोरे एकत्र बसतील असं. आता त्यांचं ग्रिनिच व्हिलेजमध्ये ‘द कुकरी’ नावाचं रेस्टॉरंट होतं. ऑक्टोबर १९७७मध्ये थोड्या दिवसांसाठी म्हणून तिला उभं केलं. कानांत मोठाल्या गोल रिंगा, पियानोवर जेरल्ड कुक. ते थोडे दिवस वर्षानुवर्षं लांबले. १९७८मध्ये व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टरसाहेबांपुढे गायली. १७ ऑक्टोबर १९८४ला गेली, ८९व्या वर्षी, त्याच बेटावरच्या घरी, जिथे तिनं नोकरी केली.

ती भारतात आली होती का?
*– मडगाव*

आली होती, पण मुंबई-गोव्याला नव्हे. १९४४मध्ये अमेरिकन सैनिकांच्या करमणुकीसाठी काळ्या कलाकारांची तुकडी घेऊन चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर आली, कलकत्त्यामार्गे. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशात रस्ता काढण्याचं काम चालू होतं. त्यावर राबलेल्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांपैकी साठ टक्के काळे होते. चिखल, मलेरिया, जळवा. तिच्या गाण्याचे श्रोते तिथले.

आपल्या ताजमहाल हॉटेलात मात्र १९३५पासून लिऑन अॅबीचा वाद्यवृंद, पुढे शिकागोचा पियानिस्ट टेडी वेदरफर्ड असे काळे वादक येऊन गेले, आणि तुमच्या गोव्याच्या मंडळींनी त्यांच्याकडून हा बाज उचलला. वेदरफर्ड १९४५मध्ये कलकत्त्यातच पटकीनं गेला. आमच्या माझगावच्या चाळीत गोव्याचे एक ट्रम्पेटवाले राहत. दिवसा सिनेमाची रेकॉर्डिंगं, रात्री हॉटेल. ते गेल्यावर त्यांच्या बायकोनं रेकॉर्डांचा खोका मला दिला, ‘सिस्टर, तुम्ही रात्री जागताच’ म्हणून. अल्बर्टा मला त्या खोक्यात भेटली.

ऐंशी वर्षांची बाई इतकी चावट गाणी म्हणते, शोभतं का?
*– कोल्हापूर*

कोल्हापूरकरांनी हे विचारावं! लावणीतला गडी काय फक्त शेत नांगरतो? अल्बर्टाच्या एका गाण्यात घरातली सगळी कामं उत्तम करणारा पुरुष आता कामाचा राहिलेला नाही, अशी तक्रार आहे. एवढंच. ती ते इतक्या सरळ चेहऱ्यानं सांगते की हसल्यावर आपल्यालाच लाज वाटते.

सुरुवात कुठून करू?
*– कॉलेज विद्यार्थिनी, अमरावती*

१९८०चा ‘अॅमट्रॅक ब्लूज’. तो जॉन हॅमंड यांनी केला, १९३३मध्ये बेसी स्मिथचं शेवटचं ध्वनिमुद्रण करणारे तेच. मग ‘डाउनहार्टेड ब्लूज’ दोनदा लाव : १९२२चं, आणि १९७८मध्ये ‘रिमेंबर माय नेम’ या चित्रपटासाठी तिनं पुन्हा गायलेलं. पहिल्यात खरखर फार आहे, म्हणून इअरफोन नको, स्पीकरवर ऐक. आणि परीक्षा असेल तर परीक्षेनंतर.