‘टेन्शन घेऊ नकोस, मग राहील’

“मॅडम, मी टेन्शन घेते म्हणूनच राहत नाही ना?”

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न मी किती जणींकडून ऐकला, याची मोजदाद सोडून दिली आहे. विचारणारीचा आवाज खाली गेलेला असतो. नवरा सोबत असेल तर तो खिडकीबाहेर बघत असतो. खरं तर प्रश्न तिचा नसतोच. सासूने, जावेने, शाळेतल्या बाईंनी, कधी दवाखान्यातल्या सिस्टरनेही तो तिच्या हातात दिलेला असतो : टेन्शन घेऊ नकोस, मग राहील. आणि पाठोपाठ एक मावसबहीण येते. ही मावसबहीण घरोघरी असते. तिने दहा वर्षं उपचार केले, कंटाळून सोडून दिले, नवऱ्याबरोबर महाबळेश्वरला गेली आणि पुढच्याच महिन्यात दिवस राहिले.

मावसबहीण खोटी नाही. ज्यांच्या रिपोर्टमध्ये ठोस कारण सापडत नाही, अशा काही जोडप्यांना उपचार थांबवल्यावरही मूल होतं. पण जिने तसंच सगळं सोडलं, महाबळेश्वरही केलं आणि काहीच झालं नाही, तिची गोष्ट लग्नाच्या पंगतीत कोण सांगणार?

या प्रश्नाचं उत्तर मी एका जोडप्याच्या आधाराने देते. नावं आणि घरचे तपशील बदलले आहेत. दोघांनी होकार दिला आहे, तोही हसत, याचं मला बरं वाटलं.

वैशाली दुसरीच्या वर्गाला शिकवते. महेशचा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, बारा माग. लग्नाला सहा वर्षं, दवाखान्याला साडेतीन. तीनदा आययूआय झालं, म्हणजे नवऱ्याचं वीर्य नळीने थेट गर्भाशयात सोडलं, तिन्ही वेळा पाळी आली. माझ्याकडे आली तेव्हा तिची झोप उडाली होती, आणि वर्गातल्या एका पोराच्या पाठीत तिने धपाटा घातला होता. त्या धपाट्याने पोरापेक्षा तीच जास्त घाबरली.

“स्ट्रेस कमी करा म्हणालेत डॉक्टर. मला ध्यान शिकवा.”

मी शिकवलं. मी स्वतः इगतपुरीला दहा दिवस मौनात बसून आलेली बाई. श्वासाकडे नुसतं बघत राहण्यावर माझा विश्वास पुस्तकातून आलेला नाही. रोज वीस मिनिटं बसा, म्हटलं. चार आठवड्यांनी या.

चार आठवड्यांनी तिने पिशवीतून शंभर पानी वही काढली. पट्टीने आखलेले रकाने : तारीख, वेळ, मिनिटं, आणि शेवटी ‘मन शांत होतं का?’ त्या शेवटच्या रकान्यात लाल पेनाने बरोबरच्या खुणा, पोरांच्या गृहपाठावर करतात तशा. अठ्ठावीस खुणा. एकोणतिसावी ओळ कोरी.

“एक दिवस चुकवला नाही मॅडम. सहलीच्या दिवशीसुद्धा पहाटे चारला उठून बसले. तरी आली.” थोडं थांबून म्हणाली, “अकराव्या दिवशी मी यांच्यावर ओरडले होते. त्यानं झालं असेल का?”

मी त्या वहीकडे बघत राहिले. सोळा सोमवार झाले होते, पंढरपूर झालं होतं, तुळजापूरला ओटी भरून झाली होती. त्या रांगेत मी माझं एक व्रत नेऊन बसवलं होतं. व्रताचं फळ मिळालं नाही की दोष व्रताला लागत नाही, करणारीला लागतो. कुठेतरी मोडलं असणार. माझं व्रत तर इतकं कडक, की नुसता राग आला तरी मोडावं. माझ्या कामातली ही चूक मी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

त्या दिवशी डोळे मिटायला न सांगता मी तिला माहिती सांगितली. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०११ साली एक लेख आला. १४ अभ्यासांमधल्या ३,५८३ स्त्रियांची माहिती त्यात एकत्र तपासली होती. उपचाराआधी ज्या जास्त चिंतेत, उदास होत्या आणि ज्या नव्हत्या, त्यांच्यात त्या खेपेला गर्भ राहण्या-न राहण्याबाबत फरक आढळला नाही. काळजी करणाऱ्या काहींनाही दिवस राहिले, न करणाऱ्या काहींनाही राहिले नाहीत.

ताण निरुपद्रवी आहे असं मात्र कुणी यातून काढू नये. तो झोप नेतो, भूक नेतो, नवरा-बायकोतली जवळीक नेतो. थकून उपचार अर्ध्यावर सोडणारे पुष्कळ असतात. फार मोठा ताण किंवा एकदम उतरलेलं वजन यांनी पाळीही बिघडू शकते. पण बंद नळी हसल्याने उघडत नाही. स्त्रीबीज वेळेवर सुटत नसेल, गर्भाशयाबाहेर अस्तर वाढत असेल, शुक्रजंतू कमी असतील, तर ते शरीराचं दुखणं आहे. जागतिक आरोग्य संघटना गर्भनिरोधक न वापरता १२ महिने किंवा त्याहून जास्त काळ नियमित संबंध ठेवूनही दिवस न राहिल्यास त्याला वंध्यत्व म्हणते आणि त्याची गणना प्रजननसंस्थेच्या आजारांत करते. जगात साधारण सहातल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी हे अनुभवावं लागतं, असं तिचा २०२३चा अहवाल सांगतो. एवढ्या सगळ्यांनी काय टेन्शन घेऊन घेऊन हे ओढवून घेतलं?

वैशाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी रडले तरी चालेल?”

“चालेल.”

“त्या चौदा दिवसांतसुद्धा?”

“त्या चौदा दिवसांतसुद्धा.”

साडेतीन वर्षांत ती उपचारानंतरच्या चौदा दिवसांत एकदाही रडली नव्हती. पोटातल्या संभाव्य बाळाला त्रास होईल म्हणून. त्या दिवशी रडली. मे महिना, कूलर घरघरत होता, पाण्याचा ग्लास तिने हातात धरला आणि तसाच ठेवला. मला सांत्वनाची चार-पाच वाक्यं तयार येत होती. एवढी वर्षं काम केल्यावर ती आपोआप येतात. मी एकही बोलले नाही. त्या खोलीत मी केलेल्या कामापैकी ते न बोलणं मला आजही सगळ्यात चांगलं वाटतं.

मग ध्यान कशाला करायचं? पुढच्या भेटीत तिने विचारलंच, आणि शिक्षिकेसारखंच विचारलं, “उपयोग काय त्याचा?” जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सजगतेचा, म्हणजे माइंडफुलनेसचा, उपक्रम सुरू केला, तेव्हा त्यांच्याकडे जुनाट दुखण्याचे रुग्ण येत. दुखणं घालवण्याचं आश्वासन त्यात नव्हतं. दुखत असताना माणूस जगतो कसा, हे बघायचं होतं. आपल्याकडे ‘माइंडफुलनेस करा, गर्भधारणा होईल’ अशा जाहिराती दिसतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. मूल होण्यासाठी सजगता नाही. मूल होवो न होवो, मधले दिवस तुमचे असतात, ते तुमचेच राहावेत म्हणून ती.

वीस मिनिटं बसणं मी बंद करायला लावलं. वहीची सवय होतीच, म्हणून मनातल्या मनात दोन रकाने आखायला सांगितले : ‘आत्ता काय आहे’ आणि ‘पुढे काय होईल’. ओटीपोटात ओढ जाणवतेय, हा पहिला रकाना. पाळी येणार, हा दुसरा. छाती जड वाटतेय, पहिला. या खेपेला नक्की राहिलंय, दुसरा. दुसऱ्या रकान्यातलं खोडायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही. ते कुठल्या रकान्यातलं आहे एवढं ओळखायचं आणि समोरच्या कामाकडे यायचं. भाजी चिरत असाल तर भाजीकडे, फळ्यावर लिहीत असाल तर खडूकडे. यात एक फार व्यवहाराची गोष्ट आहे. उपचारानंतरच्या या दिवसांत बहुतेकदा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या गोळ्या चालू असतात, आणि पोट फुगणं, छाती दुखणं त्यांनीही होतं. म्हणजे लक्षणं वाचून निकाल कळतच नाही. तो तपासणीतच कळतो.

महेश तोपर्यंत खाली मोटरसायकलवर बसून असायचा. चौथ्या भेटीला वर आला.

“मला ध्यान-बिन जमायचं नाही मॅडम. डोक्यात दिवसभर खट्याखट असतंय.”

“बारा मागांच्या आवाजात एक माग बंद पडला तर कळतं?”

तो पहिल्यांदा मोकळं हसला. “बंद पडायच्या आधी कळतंय की! सुताची कांडी संपत आली की धोट्याचा आवाज पोकळ येतो. आत हिशोब करत बसलो तरी कानाला लागतं.”

“आणि घरी वैशालीचा आवाज बदलला की?”

तो बोलेना. उत्तर वैशालीने दिलं. “यांना कळतं. कळलं की हे कारखान्यात जातात.”

मग हळूहळू बाहेर आलं. शुक्रजंतू महेशचे कमी होते; आययूआय त्यासाठीच चाललं होतं. दोघांना ठाऊक होतं, घरात तिसऱ्याला नाही. आई सुनेला बोलायची, आणि हा म्हणायचा, तू टेन्शन घेऊ नकोस. “दुसरं काय म्हणणार मॅडम? रिपोर्ट माझा खराब हाय.”

मला त्या क्षणी ते वाक्य नव्याने कळलं. ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे आपण समोरच्याला म्हणतो, पण त्याने हलकं व्हायचं असतं आपल्याला. तिचं दुःख बघवत नाही म्हणून तिने ते दाखवू नये, अशी ती विनवणी असते.

जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकट्याने किंवा जोडीने असतं. तरीही पहिली दोन वर्षं बाईच्या सोनोग्राफ्या होतात आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी शेवटी. ती पहिल्याच महिन्यात करून घ्या, हे मी डॉक्टर नसूनही प्रत्येक जोडप्याला सांगते. आणि संख्या कमी म्हणजे पुरुषपण कमी, हे डोक्यातून काढा. रिपोर्ट पेशींचा असतो, माणसाचा नसतो.

त्यांना मी एकच घरचा अभ्यास दिला. रात्री जेवण झाल्यावर गच्चीवर वीस मिनिटं, मोबाइलवर वेळ लावून. या विषयावर काय बोलायचं ते तेवढ्यात. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, ‘होईल गं’ म्हणायचं नाही, आवाज कुठे पोकळ येतो तेवढं ऐकायचं. गजर वाजला की विषय बंद, उरलेली रात्र दुसऱ्या गप्पांना. पहिल्या आठवड्यात त्यांना वीस मिनिटं पुरेनात. महिन्याभराने बाराव्या मिनिटालाच विषय संपायला लागला.

महेशने आईला सांगितलं ते याच सुमारास, माझ्या सांगण्यावरून नाही. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्यातल्या उष्णतेला दोष देऊन मोकळी झाली आणि मुलाला रोज दुधातून अश्वगंधा सुरू केली. सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. पण वैशालीच्या ताटावरचं बोलणं थांबलं.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा, संक्रांतीची हळदीकुंकवं. ‘काही गोड बातमी?’ या प्रश्नाचा हा खास मोसम. यासाठी उत्तर आधी तयार ठेवावं, एका वाक्याचं, स्पष्टीकरण न देणारं. वैशालीने स्वतःच बनवलं : “झालं की पहिलं तुम्हालाच सांगते, आता वाण द्या.” जिथे तेही झेपणार नाही तिथे जाऊ नये. नणंदेच्या डोहाळजेवणाला ती अर्धा तास बसली, जेवली आणि उठली. महेश गाडी सुरू करूनच उभा होता.

हे सगळं करूनही झोप-जेवण सुटलेलं असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर रकान्यांवर विसंबू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

चौथ्या आययूआयनंतरही पाळी आली. त्या रात्री दोघं रडले, असं महेशनेच सांगितलं. डॉक्टरांनी आता आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात ठेवण्याचा उपचार, सुचवलंय. पैशांची जुळवाजुळव आहे, दोन मागांचं कर्ज आहे. दिवाळीपर्यंत ठरवू म्हणतात. मी घाई करत नाही.

गेल्या भेटीत मी त्या वहीची चौकशी केली. पुढची पानं कोरीच होती ना?

“ती होय? फाडून पोरांना शुद्धलेखनाला दिली की,” वैशाली म्हणाली. “रकाने आखलेलेच होते.”