झेरॉक्सच्या दुकानात फुकटचा अँटिव्हायरस चालेल का?

निपाणीत झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे, फुकटच्या अँटिव्हायरसवर भरवसा ठेवावा का, असं विचारलंय तुम्ही. ठेवा, पण कुणाचा आहे ते बघून.

विंडोज ११ असेल तर डिफेंडर हा मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा अँटिव्हायरस आतच येतो. एव्ही-टेस्टसारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेच्या चाचण्यांत तो पैसेवाल्यांच्या पंगतीत बसतो. विंडोज १० असेल तर मात्र आधी तिकडे बघा. त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट येणं, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बाकी फुकटवाल्यांचं म्हणाल, तर कंपनीचं पोट कशावर चालतं ते विचारायचं. बहुतेक जण 'पैसे भरा' म्हणून भंडावतात, तेवढं सोसता येतं. पण अवास्टसारख्या नावाजलेल्या कंपनीनेही लोक कुठल्या साइट बघतात ती माहिती जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने त्यापायी १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका.

तुमचा खरा धोका गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हचा. कुणी लग्नपत्रिका आणतो, कुणी उताऱ्याची पीडीएफ. फोल्डरच्या चित्रावर कोपऱ्यात छोटा बाण दिसला तर डबल क्लिक करूच नका, तो शॉर्टकट व्हायरस असू शकतो. ड्राइव्हवर राइट क्लिक करून आधी स्कॅन लावा. गिऱ्हाईक घाई करणारच, करू दे.

आणि शे-दोनशेत 'क्रॅक' मारलेला, म्हणजे लायसन्स चुकवून चालवलेला पेड अँटिव्हायरस घालून देणारा भेटला, तर त्याला दुकानाची पायरी चढू देऊ नका.