रात्री रेंडरिंगला लावलेला कॉम्प्युटर विंडोज अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होतो. अपडेट कायमचं बंद कसं करू?

अपडेट बंद करू नका. आवरायचा आहे तो रीस्टार्ट, आणि तो बऱ्यापैकी आवरता येतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या काही स्टुडिओंचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, त्यामुळे लग्नसराई आली की हा प्रश्न हमखास येतो.

आधी रीस्टार्ट नक्की कोणी केला ते बघा. स्टार्टमध्ये ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधा, त्यात ‘विंडोज लॉग्ज’ आणि मग ‘सिस्टिम’ उघडून त्या रात्रीच्या नोंदी चाळा. १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर रीस्टार्टचा रीतसर हुकूम सुटला होता, आणि कोणत्या प्रोग्रॅमने सोडला हेही तिथेच लिहिलेलं असतं. ४१ किंवा ६००८ दिसलं तर मशीन मधेच धाडकन बंद पडलं होतं. लाईट गेली असेल, यूपीएसची बॅटरी संपली असेल, नाहीतर ग्राफिक्स कार्डाचा भार पॉवर सप्लायला झेपला नसेल. रात्रभराच्या रेंडरिंगमध्ये, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल काढताना, हे शेवटचं कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं, शिव्या मात्र अपडेट खातं.

१०७४ निघाला असं धरून पुढे सांगतो.

मुळात रीस्टार्ट लागतोच कशाला? विंडोजमध्ये जी फाइल वापरात आहे ती सहसा बदलता येत नाही, कारण तिच्यावर कुलूप असतं. सिस्टिमच्या कित्येक फाइली तर कॉम्प्युटर चालू असेपर्यंत वापरातच असतात. झोपलेल्या माणसाच्या अंगाखालची सतरंजी बदलायची तर त्याला उठवावंच लागतं, तसं हे आहे. म्हणून नव्या फाइली बाजूला तयार ठेवल्या जातात आणि पुढच्या वेळी मशीन सुरू होताना, बाकी काही जागं व्हायच्या आत, जुन्यांच्या जागी बसवल्या जातात. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये चालू प्रोग्रॅमची फाइलही बदलता येते, प्रोग्रॅम बंद होईपर्यंत तो जुनी प्रत वापरत राहतो. पण कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बदलला की तिथेही बहुतेक वेळा रीस्टार्ट आलाच. फरक इतकाच की तिथे तो कधी करायचा हे सहसा तुम्ही ठरवता.

आणि माझ्या मते तुमचा राग नेमका इथे रास्त आहे. रीस्टार्ट लागतो याबद्दल तक्रार नाही, पण मालक खुर्चीत नाही म्हणजे मशीन रिकामं आहे, हे गृहीत धरणं चुकीचं. मागे व्हिडिओची फाइल बनवणारा एन्कोडर घाम गाळत असतो, माऊस मात्र तासन्‌तास हललेला नसतो. त्यात अर्धवट राहिलेली एमपीफोर फाइल बहुतेक वेळा उघडतसुद्धा नाही, कारण कोणती फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे शेवटी लिहिली जाते. म्हणजे नव्वद टक्के झालेलं कामही शून्यच.

तरीही अपडेट बंद का करू नये, तर २०१७ आठवा. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला विंडोजच्या सुरक्षेतल्या एका भगदाडावर अपडेटचं ठिगळ दिलं होतं. १२ मेला वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर आलं आणि ज्यांनी ते ठिगळ लावलं नव्हतं अशांची मशीन त्याने जगभर धडाधड कुलूपबंद केली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना अपॉइंटमेंट रद्द कराव्या लागल्या. जूनमध्ये नॉटपेट्या हे दुसरं मालवेअर आलं, ते इतर वाटांबरोबर त्याच भगदाडाचाही वापर करत पसरलं, आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. तुमच्या स्टुडिओत तर रोज वेगवेगळ्या लोकांचे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं लागतात. शिवाय सर्व्हिसेसमध्ये जाऊन अपडेटची सर्व्हिस ‘डिसेबल’ करायचा यूट्यूबवरचा उपाय टिकतही नाही. विंडोजमध्ये अपडेटची यंत्रणा दुरुस्त करायलाच ठेवलेली आणखी एक सर्व्हिस असते, ती तिला परत उठवते.

आता काय करायचं ते. सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’, तिथून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’. ‘गेट मी अप टू डेट’ नावाचं बटण असतं, ते बंदच हवं. ते चालू असेल तर कामाच्या वेळेतही रीस्टार्ट होऊ शकतो. त्याच्या आसपासच ‘रीस्टार्ट लागेल तेव्हा कळवा’ अशा अर्थाचं बटण आहे, ते चालू करा. मग ‘ॲक्टिव्ह अवर्स’. ही वेळ ऑटोमॅटिकवर ठेवू नका, हाताने भरा. जास्तीत जास्त १८ तास देता येतात आणि त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट करत नाही. बहुतेक लोक इथे दिवसाचे तास भरतात, तुम्ही उलटं करा. दुपारी चार ते दुसऱ्या दिवशी सकाळी दहा असं भरलं की अख्खी रात्र झाकली जाते. उरलेल्या सहा तासांत तुम्ही मशीनसमोर असता, काही झालंच तर डोळ्यांदेखत होईल.

याहून भरवशाचा उपाय म्हणजे रीस्टार्ट स्वतःच आधी उरकणे. दर महिन्याचे मोठे अपडेट २००३ पासून दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेतल्या सकाळी सुटतात, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री साडेदहा-साडेअकराला. तेव्हा बुधवारी काम संपताना अपडेट करून रीस्टार्ट द्या. (कॅलेंडरात ‘दुसरा बुधवार’ अशी खूण करू नका, एक तारखेला बुधवार असला की तो तिसरा बुधवार येतो.) अधूनमधून सटरफटर अपडेट येतात, म्हणून मोठं रेंडर लावण्यापूर्वी एकदा विंडोज अपडेटचं पान उघडून बघा. ‘रीस्टार्ट रिक्वायर्ड’ दिसत असेल तर आधी रीस्टार्ट, मग रेंडर. अशा वेळी नुसतं इंटरनेट तोडून भागत नाही, कारण फाइली आधीच उतरलेल्या असतात.

ऐन सीझनमध्ये ‘पॉज’ वापरा. होम एडिशनमध्येही पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं, त्यानंतर मात्र अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा पॉज मिळत नाही. प्रो एडिशन असेल तर ‘ग्रुप पॉलिसी’ या प्रगत सेटिंग्जच्या एडिटरमध्ये, कोणी लॉग-इन असेपर्यंत आपोआप रीस्टार्ट नको, असा पर्याय आहे. पण अपडेट ठरलेल्या वेळी बसवायची पॉलिसी सोबत लावली तरच तो चालतो. होमवाल्यांना हा एडिटरच दिलेला नाही. एवढी साधी सोय महागड्या एडिशनमध्ये ठेवणं मला अजिबात पटत नाही.

विंडोज १० वर असाल तर गोष्ट वेगळी. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मुदतवाढीच्या योजनेत नाव नोंदवलं नसेल तर नवे सुरक्षा अपडेट येत नाहीत. आता रीस्टार्टची कटकट गेली म्हणून खूश होणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्या खुशीत मी सामील नाही.

लांबलचक काम एकाच फाइलमध्ये काढणं मात्र सोडा. हळद, लग्न, रिसेप्शन वेगवेगळं एक्स्पोर्ट करा आणि शेवटी जोडा. ॲनिमेशन असेल तर व्हिडिओऐवजी एकेक फ्रेम सुटी काढता येते, मग मशीन कशानेही बंद पडलं तरी शेवटच्या तयार फ्रेमपासून पुढे सुरू करता येतं.