वाचकांचे प्रश्न : सरकार नेमके कोण पाडू शकते?

प्रश्न : मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. प्रथम वर्षाच्या बहुपर्यायी चाचणीत लोकसभेच्या ५४३ आणि आपल्या विधानसभेच्या २८८ जागा बहुतेकांना तोंडपाठ होत्या; मात्र अमेरिकेच्या अध्यक्षांविरुद्ध अविश्वास ठराव आणता येतो का, याला अनेकांनी ‘होय’ असे उत्तर दिले. पायाभूत ज्ञान तपासण्यासाठी प्रश्न कसे काढावेत?
– एक प्राध्यापिका, नाशिकरोड

उत्तर : जागांची संख्या विचारण्यात गैर काही नाही, परंतु तिच्यावरून पाठांतरापलीकडे काही कळत नाही. सत्तेवरील व्यक्तीला मुदतीपूर्वी कोण, कोणत्या कारणासाठी आणि किती मतांनी दूर करू शकते, हे ज्याला सांगता येते त्याचा पाया पक्का आहे, असे आम्ही मानतो.

त्यासाठी १९९९ हे वर्ष फार सोयीचे आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सिनेटमध्ये, म्हणजे तेथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाचे दोन आरोप मतदानाला आले; दोषी ठरवण्यासाठी ६७ मते हवी होती, पडली ४५ आणि ५०, आणि क्लिंटन पदावर राहिले. पुढे १७ एप्रिलला लोकसभेत वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मताने फेटाळला गेला आणि सरकारला राजीनामा द्यावा लागला. वाजपेयी यांच्यावर कोणताही आरोप सिद्ध व्हावा लागला नाही, कारण अनुच्छेद ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. अमेरिकेच्या अध्यक्षाची निवड मात्र काँग्रेसच्या, म्हणजे तेथील संसदेच्या, विश्वासावर अवलंबून नसते, म्हणून त्याला काढायचे तर देशद्रोह, लाचखोरी किंवा तत्सम गंभीर अपराधच दाखवावा लागतो.

एवढे समजलेल्या विद्यार्थ्याला जर्मनीकडे न्यावे. तेथे चॅन्सेलरला, म्हणजे सरकारच्या प्रमुखाला, हटवायचे तर त्याच ठरावात उत्तराधिकारी बहुमताने निवडावा लागतो. १९८२ साली हेल्मुट श्मिट गेले आणि हेल्मुट कोल आले ते असेच. मग विचारावे : हा नियम एप्रिल १९९९ मध्ये भारतात असता, तर काय झाले असते? पर्यायी सरकार जमत नसल्यामुळे मध्यावधी निवडणूक झाली, हे ज्याला ठाऊक आहे, तो उत्तरापर्यंत आपोआप पोहोचेल.

घरचा प्रश्नही काढता येईल. नाशिक विभाग शिक्षक मतदारसंघातून विधान परिषदेवर निवडून आलेला आमदार राज्य सरकारविरुद्धच्या अविश्वास ठरावावर मत देऊ शकतो का? नाही, अनुच्छेद १६४ नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे, विधान परिषदेला नाही. (आपले स्वतःचे नाव त्या मतदारयादीत असेल, तर वर्गात या प्रश्नाला विशेष रंगत येईल.)

बहुपर्यायी स्वरूप सोडण्याची गरज नाही. प्रत्येक प्रश्नाखाली कारणासाठी दोन ओळी मोकळ्या ठेवाव्यात आणि अचूक पर्यायापेक्षा कारणाला अधिक गुण द्यावेत. तपासणीचा वेळ वाढेल, त्याला इलाज नाही.

प्रश्न : अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपले राज्यपालच ना?
– स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, गंगापूर रोड

उत्तर : नाही. आपल्या राज्यपालांची नियुक्ती राष्ट्रपती करतात आणि ते सर्वसाधारणपणे मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात. अमेरिकी गव्हर्नरला राज्यातील मतदार थेट निवडतात आणि कारभारही तोच चालवतो, त्यामुळे तुलना करायचीच तर ती मुख्यमंत्र्यांशी करावी. मात्र विधिमंडळाने साध्या बहुमताने अविश्वास दाखवला म्हणून तो पायउतार होत नाही.