आमच्या अंगणातल्या चार मजली उंच नारळाच्या शेंड्याला पंपाशिवाय पाणी कसं पोचतं?

वरून ओढलं जातं. मुळं ढकलतात म्हणून नव्हे. एवढं ठासून सांगतोय, कारण याच मुद्द्यावर आमच्या कोथरूडच्या सोसायटीत माझं सेक्रेटरींशी वाजलंय.

ऊन चढलं की पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते, पान कोरडं पडायला लागतं आणि तो ताण जलवाहिन्यांतून थेट मुळांपर्यंत जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून धार मध्येच तुटत नाही. डिक्सन आणि जोली या आयरिश शास्त्रज्ञांनी हे १८९४ मध्ये मांडलं. विहिरीच्या काठावरची मोटर दहा मीटरपेक्षा खोलून पाणी ओढू शकत नाही, झाड ओढतं. केशाकर्षणाचं, म्हणजे बारीक नळीत पाणी आपसूक वर चढण्याचं शाळकरी उत्तर पुरे करा. त्याने पाणी फार तर मीटर-दीड मीटर चढेल.

आमच्याकडे पार्किंगसाठी जांभळाच्या बुंध्याला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवले, फटी सिमेंटने लिंपल्या. पुढच्या वैशाखात पानं कडेने करपू लागली. सेक्रेटरींनी वॉचमनला रोज बुंध्याशी पाईप सोडायला सांगितलं. मला म्हणाले, “काका, मुळं दाब देऊन चढवतात पाणी. बुंध्याला मिळालं की झालं.” पाणी वाहत गेटपर्यंत जायचं. अहो, बुंध्यालगतची जाड मुळं झाडाला उभं धरतात, पाणी पितात ती लांबवरची, केसांसारखी बारीक! शेवटी फांद्यांच्या घेराच्या कडेचा एक ब्लॉक मी पहारीने उचकटला. खाली कोरडी, दगडासारखी दाबलेली माती, आणि तिच्यात तपकिरी तंतुमुळं, चिमटीत धरली की चुरा होणारी. अशा मातीत हवाही खेळत नाही, आणि गुदमरलेलं मूळ पाणी घेत नाही. मीटिंगमध्ये हे मांडलं तर उत्तर आलं, “झाड म्हातारं झालंय, काढून टाकू.” दरवर्षी जांभळांनी लगडणारं झाड म्हातारं? ब्लॉक अजून तसेच आहेत आणि मी दर मीटिंगला विषय काढतो.

मुळांचा दाब अगदीच खोटा नाही, बरं का. पावसाळ्यात सकाळी अळूच्या पानाच्या टोकाला थेंब लटकतो, तो त्याच दाबाने. पण भर उन्हात शेंडा गाठणं त्याच्या आवाक्यातलं नाही.

नारळाचं थोडं वेगळं आहे. त्याची कामाची मुळं बहुतेक बुंध्यापासून दोनेक मीटरच्या आतच असतात, म्हणून तेवढं आळं करून पाणी द्या. आंबा, जांभूळ असेल तर पाईप घेराच्या कडेला न्या. आणि त्या आळ्यात किंवा घेरात फरशी घालू देऊ नका, तुमचे सेक्रेटरी काहीही म्हणोत.